एक सर्टिफिकेट, दोन सह्या: टीएलएस जोडणीत सहीची पद्धत कशी ठरते

सर्व्हर बदलला, नवं सर्टिफिकेट बसवलं, ब्राउझरमध्ये साइट नीट उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावरून फोन येतो की उसाच्या गाड्यांची वजनं सर्व्हरवर जातच नाहीत. सांगली-सातारा पट्ट्यात साखर कारखाने, दूध संस्था, बाजार समित्या यांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. मोबाइलवर चालतं, ऑफिसच्या पीसीवर चालतं, फक्त काट्याजवळचं जुनं यंत्र ‘हँडशेक फेल्युअर’ म्हणून थांबतं. मग सिम बदललं जातं, राउटर बदलला जातो, फायरवॉल बंद करून बघितली जाते. अशा वेळी आधी एकच गोष्ट तपासावी: दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी सहीची पद्धत त्यांना सापडली आहे का?

ही पद्धत कोण ठरवतं, कधी ठरवतं आणि कुठे अडतं, हे एकदा नीट समजलं की असल्या बिघाडाचा शोध दोन दिवसांऐवजी अर्ध्या तासात लागतो.

सही दोनदा होते

टीएलएस म्हणजे दोन मशीनमधली जोडणी सुरक्षित ठेवणारी पद्धत, आणि हँडशेक म्हणजे जोडणी सुरू होतानाची बोलणी. त्यात दोन कामं असतात. दोघांनी मिळून गुपित किल्ली ठरवायची, आणि समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे याची खात्री करायची. खात्रीचं काम डिजिटल सहीवर चालतं. जवळजवळ सगळा गोंधळ होतो तो इथे सह्या दोन असतात हे लक्षात न घेतल्यामुळे.

दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे गेलं की ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि शिवाय तिथेच, समोर, सही-अंगठा द्यावा लागतो. ओळखपत्र खरं आहे ही एक गोष्ट, आणि ते घेऊन आलेला माणूस तोच आहे ही दुसरी. टीएलएसमध्ये पहिली सही सर्टिफिकेटवर असते. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने, म्हणजे सीएने, स्वतःच्या किल्लीने ती एकदाच केलेली असते. दुसरी सही सर्व्हर स्वतःच्या खासगी किल्लीने, प्रत्येक पूर्ण हँडशेकमध्ये नव्याने करतो. टीएलएस १.३ मध्ये ही सही तोवर झालेल्या सगळ्या संवादाच्या हॅशवर, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठरावीक लांबीच्या ठशावर, असते. सही करायच्या मजकुराच्या सुरुवातीला ६४ स्पेस, मग ही सर्व्हरची सही आहे असं सांगणारं ठरलेलं वाक्य, एक शून्य बाइट आणि शेवटी तो हॅश. एका कामासाठी केलेली सही दुसरीकडे वापरता येऊ नये म्हणून ही रचना आहे.

या दोन सह्यांच्या पद्धती वेगळ्या असू शकतात. पद्धत म्हणजे किल्लीचा प्रकार, जसं आरएसए किंवा ईसीडीएसए, आणि हॅशचा प्रकार, जसं शा-२५६. सर्टिफिकेटच्या तपशिलात ‘सिग्नेचर अल्गोरिदम: शा-२५६ विथ आरएसए’ दिसलं की सर्व्हरची किल्लीही आरएसएच असणार, असं अनेक जण धरून चालतात. ते चूक आहे. ती ओळ सीएची सही सांगते. सर्व्हरची किल्ली कोणती, हे त्याच सर्टिफिकेटमध्ये ‘पब्लिक की’च्या रकान्यात वेगळं लिहिलेलं असतं. आरएसए किल्लीचा सीए ईसीडीएसए किल्लीच्या सर्व्हरला सर्टिफिकेट देऊ शकतो, मग पहिली सही आरएसए आणि दुसरी ईसीडीएसए.

आणखी एक पायरी आहे. किल्ली आरएसए असली तरी सही दोन तऱ्हांनी करता येते: जुनी पीकेसीएस-१ आवृत्ती १.५ ची तऱ्हा आणि नवी पीएसएस. प्रत्येक तऱ्हेत हॅश वेगवेगळा असू शकतो. म्हणजे ‘आरएसए आहे’ एवढ्याने काहीच निश्चित होत नाही.

बावीस बाइटांची यादी

वाटाघाटीची सुरुवात क्लायंट करतो. त्याच्या पहिल्याच निरोपात, क्लायंट हॅलोत, १३ क्रमांकाचं ‘सिग्नेचर अल्गोरिदम्स’ नावाचं एक्स्टेन्शन असतं. क्रोम ब्राउझरने बरीच वर्षं पाठवलेलं हे एक्स्टेन्शन बाइट-बाइट उलगडलं, तर दशमान आकड्यांत असं दिसतं:

० १३ / ० १८ / ० १६ / ४ ३ / ८ ४ / ४ १ / ५ ३ / ८ ५ / ५ १ / ८ ६ / ६ १

पहिले दोन बाइट म्हणजे एक्स्टेन्शनचा क्रमांक, १३. पुढचे दोन त्याची लांबी, १८. त्यापुढचे दोन यादीची लांबी, १६ बाइट, म्हणजे प्रत्येकी दोन बाइटांच्या आठ पद्धती. या आठ पसंतीच्या क्रमाने असतात, सगळ्यात आवडती आधी.

जोडीतला पहिला आकडा मुळात हॅशचा होता: १ म्हणजे एमडी५, २ शा-१, ३ शा-२२४, ४ शा-२५६, ५ शा-३८४, ६ शा-५१२. दुसरा सहीच्या प्रकाराचा: १ आरएसए, २ डीएसए, ३ ईसीडीएसए. तेव्हा ‘४ ३’ म्हणजे शा-२५६ सह ईसीडीएसए आणि ‘४ १’ म्हणजे शा-२५६ सह जुन्या तऱ्हेची आरएसए. ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ आलं तेव्हा ही फोड रद्द झाली आणि दोन बाइट मिळून एक नाव झालं. पण जुने आकडे तसेच ठेवले, म्हणजे जुन्या सर्व्हरलाही यादी वाचता यावी. आठने सुरू होणारे आकडे त्यानंतरचे: ८ ४, ८ ५, ८ ६ म्हणजे साध्या आरएसए किल्लीने केलेली पीएसएस सही, हॅश अनुक्रमे २५६, ३८४ आणि ५१२. ८ ७ म्हणजे ईडी२५५१९. ८ ९ पासून ८ ११ पर्यंतचे तीन आकडे फक्त पीएसएससाठीच काढलेल्या खास किल्लीचे, आणि ते सार्वजनिक वेबवर जवळजवळ दिसत नाहीत.

वरच्या यादीत ८ ७ नाही, हे लक्षात घ्या. ईडी२५५१९ ही उत्तम पद्धत आहे, सही अवघी ६४ बाइटची, पण ज्या साइटवर लोक ब्राउझरने येणार तिथे तिचं सर्टिफिकेट बसवून चालत नाही. सार्वजनिक सीएंच्या नियमांतही ती बसत नाही.

सर्व्हर ही यादी घेतो, आपल्याकडे कोणत्या किल्ल्या आहेत ते बघतो आणि जुळणारी पद्धत निवडतो. क्लायंटचा पसंतीक्रम पाळायचा की स्वतःचा, हे सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर आणि सेटिंगवर अवलंबून असतं. काहीच जुळलं नाही तर तो ४० क्रमांकाचा इशारा पाठवून जोडणी तोडतो. हाच तो ‘हँडशेक फेल्युअर’. टीएलएस १.३ मध्ये सर्टिफिकेटवर ओळख पटवायची असून क्लायंटने यादीच पाठवली नाही, तर इशारा १०९ येतो.

टीएलएस १.३ मध्ये हँडशेकमधल्या सहीला पीकेसीएस-१ ची जुनी तऱ्हा चालत नाही. मग ४ १, ५ १, ६ १ यादीत कशाला? सर्टिफिकेटवरच्या सीएच्या सहीसाठी, आणि समोरचा सर्व्हर १.२ चाच निघाला तर त्याच्यासाठी. दोन सह्यांसाठी दोन वेगळ्या याद्या द्यायच्या असतील तर ५० क्रमांकाचं आणखी एक एक्स्टेन्शन आहे. ते नसेल तर १३ ची यादी दोन्हींना लागू होते. सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर मधल्या सीएची सही, त्याच्या सर्टिफिकेटवर वरच्या सीएची, अशी साखळी असते. तिच्या शेवटच्या रूट सर्टिफिकेटवरची सही मात्र यातून वगळली जाते. रूटवर विश्वास असतो तो ते तुमच्या मशीनच्या यादीत आहे म्हणून, त्याच्या स्वतःच्या सहीमुळे नव्हे. म्हणून रूटवर शा-१ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. मधल्या सर्टिफिकेटवर दिसलं तर आहे.

जुनं ओझं

ऑगस्ट २००८ मध्ये टीएलएस १.२ येईपर्यंत या बाबतीत वाटाघाट नव्हतीच. आरएसए असेल तर एमडी५ आणि शा-१ चे हॅश एकापुढे एक जोडून सही, इतकंच. १.२ ने यादी आणली, पण एक पळवाट ठेवली: क्लायंटने यादी पाठवलीच नाही तर शा-१ धरायचं. याच पळवाटेवर कितीतरी जुनी यंत्रं आजवर चालत आली. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या संशोधकांनी ‘स्लॉथ’ हल्ला दाखवला. अनेक सॉफ्टवेअर टीएलएस १.२ मध्ये एमडी५ची सही अजून मान्य करत होती, काही तर स्वतःच्या यादीत एमडी५ नसतानाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांनी शा-१ चा हॅश एकच येईल अशा दोन वेगळ्या पीडीएफ फाइली तयार करून दाखवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये टीएलएस १.२ च्या सह्यांतून एमडी५ आणि शा-१ अधिकृतपणे बाद झाले.

मधल्या कुणी यादीतल्या बळकट पद्धती खोडल्या तर? १.३ मध्ये सर्व्हरची सही क्लायंट हॅलोसकट सगळ्या संवादावर असते, त्यामुळे खाडाखोड पकडली जाते. १.२ मध्ये ती सही दोन्ही बाजूंच्या यादृच्छिक आकड्यांवर आणि किल्लीच्या मापदंडांवरच असते, यादीवर नाही. खाडाखोड पकडायचं काम शेवटच्या ‘फिनिश्ड’ निरोपावर पडतं. १.३ कडे जायला हे एक कारण पुरेसं आहे.

काट्यावर काय झालं असतं

आता त्या यंत्राकडे वळू. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लायब्ररीवर चालणारं यंत्र टीएलएस १.२ बोलतं, पण त्याच्या यादीत बहुधा ‘४ १’ आणि ‘२ १’ एवढंच असतं, म्हणजे फक्त आरएसए. जुन्या सर्व्हरवर आरएसए सर्टिफिकेट होतं, म्हणून चालत होतं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सीएचं सर्टिफिकेट काढून देणारं सर्टबॉट हे सॉफ्टवेअर २.० आवृत्तीपासून नव्या सर्टिफिकेटसाठी आपोआप पी-२५६ या गणिती वक्रावरची ईसीडीएसए किल्ली बनवतं. जुनं सर्टिफिकेट त्याच मशीनवर नूतनीकरण होत राहिलं तर किल्लीचा प्रकार बदलत नाही. पण सर्व्हर हलवला आणि सर्टिफिकेट नव्याने काढलं की तो गुपचूप बदलतो. मोबाइल आणि पीसीच्या यादीत ‘४ ३’ असतं म्हणून त्यांना काही कळत नाही. यंत्राच्या यादीत जुळणारं काही उरत नाही.

उपाय म्हणजे दोन सर्टिफिकेटं. एन्जिनएक्स आणि अपाची या दोन्ही वेब सर्व्हर सॉफ्टवेअरना एकाच साइटसाठी आरएसए आणि ईसीडीएसए अशा दोन जोड्या देता येतात. सर्टबॉटला ‘की-टाइप’ हा पर्याय ‘आरएसए’ म्हणून देऊन दुसरं सर्टिफिकेट वेगळ्या नावाने काढायचं आणि एन्जिनएक्सच्या त्याच सर्व्हर ब्लॉकमध्ये सर्टिफिकेट आणि किल्ली यांच्या ओळींची दुसरी जोडी लिहायची. सर्व्हर मग यादी बघून योग्य ते देतो. ईसीडीएसए काढून पुन्हा सगळ्यांना आरएसएवर आणण्याची गरज नाही: पी-२५६ ची सही ७० ते ७२ बाइटची, २०४८ बिटच्या आरएसएची २५६ बाइटची, आणि सर्व्हरला ईसीडीएसए सही करायला कितीतरी कमी श्रम पडतात. सही तपासताना उलट असतं, आरएसए तपासणं हलकं. छोट्या यंत्राला म्हणूनच ते सोयीचं पडतं.

एक सापळा विशेष लक्षात ठेवण्यासारखा. ‘४ ३’ चा अर्थ १.२ मध्ये ‘शा-२५६ सह कोणत्याही वक्रावरची ईसीडीएसए’ असा होतो. कोणते वक्र चालतील ते वेगळ्या एक्स्टेन्शनमध्ये सांगितलेलं असतं. १.३ मध्ये त्याच आकड्याचा अर्थ ‘फक्त पी-२५६’. जास्त सुरक्षित म्हणून कुणी पी-३८४ ची किल्ली बनवली आणि क्लायंटच्या यादीत ‘५ ३’ नसेल, तर १.२ वर जुळतं आणि १.३ वर तुटतं. नव्या आवृत्तीवर बिघाड आणि जुन्यावर सुरळीत असं दिसलं की पहिली शंका इथे घ्यावी.

डीएससी टोकन

कराड-साताऱ्याच्या चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसांत आणि ई-टेंडर भरणाऱ्या कंत्राटदारांकडे डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटची, यूएसबी टोकनं असतात. इथे आधी एक फरक करायला हवा. पोर्टलवर पीडीएफवर किंवा फॉर्मवर टोकनने सही करणं हे टीएलएसचं काम नाही, ती कागदपत्राची सही आहे आणि ती पीसीवरचा छोटा प्रोग्राम करतो. पण लॉगिन करतानाच ब्राउझर ‘सर्टिफिकेट निवडा’ असं विचारत असेल, तर तिथे टोकन टीएलएसच्या आत सही करतं. अशा वेळी उलटी वाटाघाट होते: यादी सर्व्हर पाठवतो आणि सही क्लायंट करतो.

टोकनमध्ये आरएसए किल्ली असेल तर टीएलएस १.३ वर सही पीएसएसच लागते. टोकनमधली चिप आरएसएचं मूळ गणित करू शकते, पण जुन्या ड्रायव्हरने बाहेर फक्त पीकेसीएस-१ चाच दरवाजा उघडा ठेवलेला असतो. विंडोजवर जुन्या क्रिप्टो-एपीआय पद्धतीचे ड्रायव्हर इथेच अडतात. लक्षणं ठरलेली: सर्टिफिकेटची यादी दिसते, पिन विचारला जातो, पिन बरोबर असतो, आणि मग जोडणी तुटते. लोक पिन पुन्हा-पुन्हा टाकून टोकन लॉक करून बसतात. पिनचा इथे काही दोष नसतो.

करायचं काय? टोकनच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकावा, ज्यात विंडोजच्या सीएनजी या नव्या क्रिप्टो पद्धतीचा आधार आणि पीएसएस आहे. तो नसेल आणि सर्व्हर आपल्या हातात असेल, तर टोकन मागणाऱ्या पत्त्यापुरतं टीएलएस १.२ ठेवावं, तिथे ‘४ १’ ने सही चालते. सगळ्या साइटवर १.३ बंद करणं हा चुकीचा मार्ग आहे. टोकन बदलायची वेळ आलीच असेल, तर विकत घेण्याआधी पीएसएसबद्दल लेखी विचारून घ्यावं.

मधला डबा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीत किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात साइट उघडत नाही, पण मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की उघडते, असं असेल तर फायरवॉल एसएसएल तपासणी करते का ते बघा. अशी फायरवॉल जोडणी मधेच थांबवते आणि बाहेर स्वतःचं क्लायंट हॅलो पाठवते. यादी मग तुमच्या ब्राउझरची राहत नाही, फायरवॉलची होते, आणि तिचं फर्मवेअर जुनं असेल तर पीएसएस किंवा ईसीडीएसए त्यात नसतंच. काही अँटिव्हायरसही हेच करतात. टोकनने लॉगिन तर अशा तपासणीतून होऊच शकत नाही, कारण टोकनची सही एका जोडणीशी बांधलेली असते. ते पत्ते तपासणीतून वगळावे लागतात.

शोध कसा घ्यायचा

आधी इशारा कुणी पाठवला ते बघा. नेटवर्कवरचे निरोप दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये क्लायंट हॅलोनंतर लगेच सर्व्हरकडून ४० आला तर जुळणी झाली नाही असं समजा. ती सायफरची (एन्क्रिप्शनच्या पद्धतीची), गटाची (किल्ली ठरवायच्या गणिताची) किंवा सहीची असू शकते, म्हणून क्लायंट हॅलोतल्या तिन्ही याद्या वाचा. सर्टिफिकेट पोचल्यावर क्लायंटने ४८ पाठवला तर रूट ओळखीचा नाही. तो आजार वेगळा, त्यावर सहीच्या पद्धती बदलून काही होणार नाही. ५१ आला तर सही तपासताना चुकली आहे: बहुधा किल्ली आणि सर्टिफिकेट जोडीचे नाहीत किंवा एखाद्या बाजूच्या लायब्ररीत दोष आहे. १.३ मध्ये सर्टिफिकेट आणि त्यानंतरची सही एन्क्रिप्ट असते, त्यामुळे वायरशार्कमध्ये यादी दिसते पण निवड दिसत नाही.

निवड बघायला ओपनएसएसएल या टीएलएसच्या लायब्ररीची ‘एस_क्लायंट’ कमांड वापरा. सर्व्हरचं नाव आणि ४४३ पोर्ट द्या आणि उत्तरात ‘पीअर सायनिंग डायजेस्ट’ व ‘पीअर सिग्नेचर टाइप’ या ओळी शोधा. मग जुन्या यंत्राची नक्कल करा: आवृत्ती १.२ पुरती बांधा आणि ‘सिगअल्ग्स’ या पर्यायात फक्त आरएसए व शा-२५६ द्या. ही जोडणी तुटली आणि साधी जुळली, तर सर्व्हरवर आरएसए सर्टिफिकेट नाही. दर वेळी जोडणी नवी असू द्या. जुनं सत्र पुढे चालवलं जातं तेव्हा सही होतच नाही, आणि बिघाड असूनही सगळं ठीक दिसतं.

ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केल्यावर जुनी यंत्रं तुटली, तर कारण बहुधा शा-१ असतं. सप्टेंबर २०२१ च्या ओपनएसएसएल ३.० ने नेहमीच्या सुरक्षा पातळीवर शा-१ च्या सह्या नाकारल्या, त्याबरोबर टीएलएस १.० आणि १.१ ही गेलं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये शा-१ सह्या पूर्ण सिस्टिमच्या धोरणातच बंद आहेत. नाइलाज असेल तर सुरक्षा पातळी त्या एका सेवेपुरती खाली आणावी, आणि ती सेवा व्हीपीएनच्या आत ठेवावी. सगळ्या सर्व्हरची पातळी शून्यावर आणायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो मानू नये.

दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचमध्येही हेच दुखणं आहे. सप्टेंबर २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ ने ‘एसएसएच-आरएसए’ ही शा-१ ची सही बंद केली. किल्ली तीच चालते, फक्त तिने शा-२५६ किंवा शा-५१२ वापरून सही करायची. ‘नो म्युच्युअल सिग्नेचर’ असा संदेश वाचून लोक आरएसए किल्ली फेकून देतात, पण दोष समोरच्या जुन्या सर्व्हरचा किंवा राउटरचा असतो. त्या एका होस्टपुरतीच जुनी पद्धत कॉन्फिगमध्ये चालू करता येते.

नवी यंत्रं घेताना

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने क्वांटम कॉम्प्युटरपुढे टिकेल अशी एमएल-डीएसए ही सहीची पद्धत प्रमाणित केली, आणि एप्रिल २०२५ च्या ओपनएसएसएल ३.५ मध्ये ती आली. तिच्या सगळ्यात लहान प्रकाराची सही २४२० बाइटची आणि सार्वजनिक किल्ली १३१२ बाइटची आहे. सर्टिफिकेटच्या साखळीत अशा तीन-चार सह्या आल्या की हँडशेक काही किलोबाइटवरून दहा किलोबाइटच्या पुढे जातो, आणि कमी मेमरीच्या यंत्राचा बफर पुरत नाही. म्हणून नवा काटा किंवा दूध संकलनाचं मशीन घेताना टेंडरमध्ये एवढं लिहून घ्या: टीएलएस १.३ असावं, यादीत किमान ४ ३, ८ ४ आणि ४ १ असाव्यात, टीएलएसची लायब्ररी दूरवरून अपडेट करता यावी, आणि पुरवठादाराने यंत्राच्या क्लायंट हॅलोची वायरशार्क फाइल सोबत द्यावी.